अंधारातल्या माणसाच्या जागी बसून पाहताना

मुले खेळात वाईट माणसाचे सोंग का घेतात, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. आमच्या लहानपणी चोर-पोलीस खेळताना पोलीस व्हायला कुणी तयार नसे. चोराला पळायला मिळायचे, लपायला मिळायचे, शेवटी पकडला गेल्यावर आरडाओरडा करायला मिळायचा. त्यावरून आमची मुले चोर होतील, अशी काळजी कुणाच्या अम्मीने केल्याचे आठवत नाही. आता खेळ मोबाईलवर आणि कॉम्प्युटरवर आले. चोराच्या जागी चेटकीण, राक्षस, काळा एल्फ आला आणि पालकांची काळजी वाढली. पालक सभेत मला दोन-तीन मातांनी विचारले, "मॅडम, पोरगा खेळात शैतानाच्या बाजूने लढतो. रोखायचं की चालू द्यायचं?"

मी जालना जिल्ह्यातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. अशा प्रश्नाला शाळेतल्या बाईने लगेच उत्तर द्यावे, अशी लोकांची अपेक्षा असते. मला वाटले, आधी तो खेळ पाहावा.

संधी घरातच मिळाली. माझ्या आपाचा मुलगा पुण्यात इंजिनीअरिंगला आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो आमच्याकडे आला, तेव्हा त्याच्या बॅगेत कपड्यांपेक्षा वह्या जास्त होत्या. त्याने सांगितले की या खेळाला कॉम्प्युटर लागतच नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला आणि आजच्या अशा बहुतेक खेळांचे मूळ त्यात आहे. एक जण गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतले एकेक पात्र होतात. निवेदक म्हणतो, "समोर बंद दरवाजा आहे, आतून रडण्याचा आवाज येतो, आता तू काय करशील?" पात्र झालेल्याने आपल्या तोंडाने, आपल्या अकलेने उत्तर द्यायचे. ते जमले की फसले, हे वीस पैलूंच्या फाशावर ठरते. हार-जीत अशी नसतेच.

फासा म्हटल्यावर माझ्या सासूबाई सावध झाल्या. पैशाचा, पैजेचा काही संबंध नाही, हे मी आधीच विचारून घेतले होते. तरी त्यांच्या मनाला फासा पटेना. मग आम्ही एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या केल्या आणि चहापत्तीच्या रिकाम्या डब्यात टाकल्या. खेळातल्या देवीदेवतांच्या पूजेचे प्रसंगही आम्ही वगळले. इशाच्या नमाजनंतर गच्चीवर चटई टाकून आमचा खेळ सुरू झाला. भाचा निवेदक. खेळणारे म्हणजे नववीतली माझी लेक, शेजारची दोन मुले आणि मी.

आता या 'डार्क एल्फ'विषयी थोडे सांगते. एल्फ म्हणजे युरोपातल्या लोककथांतली टोकदार कानांची, दीर्घायुषी मंडळी. आपल्याकडच्या परीलोकाशी थोडेफार नाते सांगणारी. आइसलंडच्या तेराव्या शतकातल्या स्नोरी स्टुर्लुसन या लेखकाने त्यांचे दोन प्रकार नोंदवले. उजळ एल्फ आणि जमिनीखाली राहणारे काळे एल्फ. या खेळाने सत्तरच्या दशकात त्या काळ्या एल्फना 'ड्रो' हे नाव दिले आणि त्यांचे एक सबंध जग उभे केले. काळी कातडी, पांढरे केस, उजेड सहन न होणारे डोळे. जमिनीखाली खोल शहर, कोळ्याच्या रूपातली क्रूर देवी, मोठ्या घराण्यांच्या मालकिणी. एका घराण्याने दुसऱ्यावर रात्रीतून हल्ला करून ते संपवले तरी चालते, पण त्या घराण्यातले बोट दाखवायला कुणीच मागे उरता कामा नये. एक जण जरी वाचला आणि त्याने तक्रार केली, तर हल्ला करणाऱ्यांनाच संपवले जाते. म्हणजे तिथे गुन्हा केल्याची शिक्षा नाही, सापडल्याची आहे. हे ऐकून माझी लेक म्हणाली, "आमच्या वर्गात कॉपीचं असंच आहे." सगळे हसले. पण ती खरेच बोलली होती.

पहिल्या रात्री ड्रो होण्याची पाळी तिचीच होती. तिने सिनेमातल्या खलनायकासारखे हा-हा-हा असे हसून सुरुवात केली. भाच्याने खेळ थांबवला आणि विचारले, "ती हसते कशाला? तिला आज काय हवंय? रात्री तिला झोप कशामुळे येत नाही?" लेकीकडे उत्तर नव्हते. मला मात्र ते प्रश्न ओळखीचे वाटले. बी.एड.ला आम्हाला 'भूमिकाभिनय' ही अध्यापनाची पद्धत शिकवली होती. त्यात हेच सांगतात की वेश आणि आवाज नंतर, आधी त्या माणसाची गरज समजून घ्या.

दुसऱ्या रात्री पाळी माझी. माझे पात्र होते ड्रो शहराच्या वेशीवरची एक पहारेकरीण. मी पाठाचे टाचण काढावे तशी वही घेतली आणि तीन रकाने आखले. ती कशाला घाबरते? तिला कुणाची माया आहे? आणि ती स्वतःची समजूत काय सांगून घालते? पहिल्या रकान्यात लिहिले : मालकिणीच्या नाराजीला. दुसऱ्यात : धाकट्या भावाची. तिसऱ्या रकान्यापाशी मी बराच वेळ थांबले. ड्रो लोकांच्या गोष्टीत असे आहे की त्यांना फार पूर्वी वरच्या जगातून हाकलून खाली लोटले गेले. ती तक्रार ते पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सांगत आले. मी लिहिले : "वरच्यांनी आमचे सगळे घेतले. आम्ही आधी मारले नाही, तर ते मारतील."

लिहून झाल्यावर ते वाक्य मी पुन्हा वाचले. हे वाक्य कुठल्या जमिनीखालच्या शहरातले नव्हते. नावे बदलून ते मी चहाच्या टपरीवर, एस.टी.त, लग्नाच्या मांडवात, सगळ्या बाजूंच्या लोकांकडून ऐकलेले होते. आपल्याही लोकांकडून ऐकलेले होते.

गोष्टीत एक व्यापारी आणि त्याची लहान मुलगी वाट चुकून वेशीपाशी आली. हुकूम असा की आत पाऊल टाकणारा जिवंत परत जाता कामा नये. माझ्या पहारेकरणीने मुलीला बाजूच्या भुयारातून बाहेर काढले आणि बापाला धरून दिले. लेक खेळ विसरून ओरडली, "अम्मी, तू त्या बापाला का पकडून दिलंस?" मी पात्रात राहूनच म्हणाले, "एकही कैदी दाखवला नाही, तर माझ्या भावाला घेऊन जातील." ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे ते शहरच वाईट आहे." मी विचारले, "आणि मी?" ती म्हणाली, "तू पण वाईटच केलंस. पण का केलंस ते कळलं."

चौदा वर्षांच्या मुलीने एका दमात दोन्ही गोष्टी सांगितल्या. कारण कळले, म्हणून वाईट काम चांगले ठरले नाही. आणि काम वाईट ठरले, म्हणून कारण विचारायचे थांबले नाही. मोठ्या माणसांना यातली एकच गोष्ट एका वेळी जमते.

आपल्या महाराष्ट्रात हे काम नटांनी कायम केले आहे. आमच्या शेजारच्या मावशी टीव्हीवर निळू फुले दिसले की बोटे मोडायच्या. 'सामना' चित्रपटात त्यांनी साखर कारखान्याच्या जोरावर सगळा मुलूख मुठीत ठेवणारा हिंदुराव पाटील उभा केला, 'सखाराम बाइंडर' नाटकात सखाराम केला. प्रत्यक्षात हा माणूस राष्ट्र सेवा दलाचा कार्यकर्ता, साधा राहणारा. वाईटाची भूमिका केल्याने तो वाईट झाला नाही. उलट सत्ता माणसाच्या डोक्यात कशी शिरते हे त्याला आतून कळले होते, म्हणूनच त्याचा पाटील पाहून लोकांना आपल्या गावातला कुणीतरी आठवायचा.

उर्दूवाल्यांच्या घरातही हा खजिना आहे. लखनौच्या नवलकिशोर प्रेसने १८८३ पासून 'तिलिस्म-ए-होशरुबा' आठ खंडांत छापली. अमीर हमजाच्या दास्तानीतला हा सगळ्यात गाजलेला भाग. त्यात जादूगारांचा बादशहा अफ्रासियाब आहे, त्याची मलिका हैरत आहे, आणि त्यांच्या तिलिस्मात अडकलेली एक सबंध दुनिया आहे. दास्तानगो एकटा बसून ही सगळी पात्रे आपल्या आवाजात उभी करायचा. दिल्लीचे मीर बाकर अली १९२८ मध्ये वारले आणि ती परंपरा खंडित झाली. २००५ पासून शम्सुर्रहमान फारूकी आणि महमूद फारूकी यांच्या प्रयत्नाने ती पुन्हा सुरू झाली. भाच्याला मी सांगितले, "तुझे ड्रो आमच्याकडे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच छापून झालेत." त्याहून मोलाची गोष्ट ही की होशरुबात सगळे जादूगार एका मुशीतले नाहीत. महरुख आणि बहार यांच्यासारख्या मोठ्या जादूगारणी अफ्रासियाबची बाजू सोडून हमजाच्या लोकांना मिळतात. बहार तर खुद्द मलिका हैरतची बहीण. म्हणजे काळोखाच्या राजवाड्यात जन्मलेलीलाही दार उघडून बाहेर येता येते, हे लखनौच्या दास्तानगोंना माहीत होते.

ड्रो लोकांमध्येही असा एक निघाला. आर. ए. साल्वातोरे या लेखकाने १९८८ साली 'ड्रिझ्ट' नावाचे पात्र आणले आणि पुढे १९९० च्या कादंबरीत त्याचे बालपण सांगितले. वरच्या जगातल्या एल्फांवर हल्ला करायला त्याला नेले जाते. तिथे तो एका लहान मुलीला तिच्या मेलेल्या आईच्या देहाखाली लपवतो, तिचा जीव वाचवतो आणि आपल्या लोकांना तिला मारल्याचे भासवतो. नंतर शहर सोडून तो वर येतो. पण वर त्याची कातडी पाहूनच लोक हत्यार उचलतात. त्याने काय केले, हे कुणी विचारत नाही. त्याला जवळ करतो तो एक म्हातारा, जंगलात राहणारा, डोळ्यांनी आंधळा.

मी भाच्याला विचारले, "तुला हाच का आवडतो?" त्याने वहीतून मान वर केली नाही. म्हणाला, "खाला, पुण्यात मी खोली बघायला जायचो. फोनवर खोली रिकामी असायची. नाव सांगितलं की तीच खोली आत्ताच गेलेली असायची. चार ठिकाणी असं झालं. मग एका आजोबांनी दिली. त्यांनी एवढंच विचारलं, रात्री उशिरापर्यंत दिवा लावतोस का."

त्यानंतर मी त्या खेळाकडे 'मुलांचा टाइमपास' म्हणून पाहिले नाही.

सबंध जमातच जन्माने दुष्ट, ही कल्पना आता खेळ छापणाऱ्यांनाही टोचू लागली आहे. जून २०२० मध्ये या खेळाच्या कंपनीने जाहीर केले की ड्रो आणि ऑर्क यांना सरसकट दुष्ट दाखवण्याची पद्धत खऱ्या जगातल्या लोकसमूहांच्या बदनामीची आठवण करून देते, म्हणून ती बदलण्यात येईल. खेळाला पन्नासेक वर्षांत हे सुचले. कायद्याला याहून जास्त वेळ लागला होता. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि कितीतरी जमातींच्या मुलांना पाळण्यातच गुन्हेगार ठरवले. सोलापूरला तारेच्या कुंपणात त्यांची वसाहत होती, अजून लोक त्या भागाला सेटलमेंट म्हणतात. आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे की या यादीत मुसलमान छप्परबंदही होते? घरे शाकारणारे हे लोक खोटी नाणी पाडणारे म्हणून नोंदवले गेले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला आणि या जमाती 'विमुक्त' झाल्या. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत छप्परबंद आजही आहेत.

कायदा गेला, नजर राहिली. लातूर जिल्ह्यातल्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' मी बी.एड.च्या काळात वाचले. १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले हे आत्मकथन. पोलिसांचा मार सोसता यावा म्हणून घरातलेच लोक पोरांना मारून मारून कसे तयार करत, हे त्यात आहे. बाहेरून पाहणाऱ्याला चोर दिसतो. आतून लिहिणाऱ्याने भूक दाखवली, भीती दाखवली आणि चोरीला चोरीच म्हटले. ड्रो पहारेकरणीचा तिसरा रकाना लिहिताना मला हे पुस्तक आठवत होते.

आणि ही नजर फक्त दुसऱ्यांची नसते. काही वर्षांपूर्वी वर्गात एका मुलीची कंपासपेटी हरवली. सगळ्यांच्या माना एकाच बाकाकडे वळल्या. तो मुलगा गावाबाहेरच्या वस्तीवरून येत असे. स्टाफरूममध्येही कुणीतरी म्हणाले, "त्यांची जातच तशी." बोलणारे आपलेच होते आणि ज्याच्याविषयी बोलले तोही कलमा पढणारा होता. मी वर्गात दप्तरे तपासली नाहीत. सगळ्यांना वहीचे पान फाडायला सांगितले आणि म्हटले, "समजा, आत्ता सगळा वर्ग तुझ्याकडे बघतोय. तू घेतलेलं नाही. पाच ओळी लिही." मग म्हटले, "आता समजा, तू घेतलं आहेस. का घेतलंस, ते पाच ओळींत लिही." पहिल्या पाच ओळी सगळ्यांनी भराभर लिहिल्या. दुसऱ्या पाच ओळींना वेळ लागला. एकाने लिहिले, माझा कंपास मोडला होता आणि अब्बूंना सांगायची भीती वाटली. एकीने लिहिले, तिच्याकडे नेहमी नवीन वस्तू असतात म्हणून. कंपासपेटी कुणी घेतली ते शेवटपर्यंत कळले नाही. पण त्या दिवसानंतर एकाच बाकाकडे माना वळल्याचे मी पाहिले नाही.

मी आलिमा नाही. खेळ जायज की नाजायज, हे जाणकारांना विचारावे. पण शिक्षिका म्हणून मला एवढे दिसते की दुष्टाच्या मनात डोकावणे आपल्याला परके नाही. सूरह यूसुफमध्ये भावांनी यूसुफ (अलै.) यांना विहिरीत टाकले, एवढेच सांगून कुरआन थांबत नाही. वडिलांचे प्रेम आपल्या वाट्याला कमी येते, हा त्यांच्या मनातला सल आधी येतो, मग कट येतो, मग खोटे रडणे येते. शेवटी माफीही येते. नबींची भूमिका कुणी करायची नसते, हे आपल्या मुलांना सांगावे लागत नाही. पण त्या भावांच्या मनात काय चालले असेल, यावर वर्गात तासभर बोलता येते, आणि घरात दोन भावंडे असलेले प्रत्येक मूल त्यावर बोलते. जिन्नांविषयीही कुरआन सांगते की त्यांच्यात नेक आहेत आणि तसे नसलेलेही आहेत. प्रत्येक मूल फितरतवर जन्मते, ही शिकवण तर आपण मुलांना लहानपणापासून देतो. मग कुठल्याही वस्तीचे, कुठल्याही जमातीचे मूल जन्माने काळे मन घेऊन येते, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणणार?

ज्या मातांनी मला प्रश्न विचारला होता, त्यांना मी आता असे सांगते. मुलगा खेळात वाईट पात्र झाला म्हणून घाबरू नका, पण त्याच्याजवळ बसा. त्याला विचारा, तुझे पात्र कशाला घाबरते, कुणावर माया करते, स्वतःला काय सांगते. त्याच्याकडे उत्तरे असतील, तर तो माणूस समजून घ्यायला शिकतो आहे. त्याला फक्त मारण्यातच मजा येत असेल, उत्तर द्यायचेच नसेल, तर खेळ बंद करण्याआधी घरात, शाळेत काय बिघडले आहे ते पाहा. खेळ संपला की त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारा, जेवायला बोलवा. पात्र वहीत राहिले पाहिजे. नमाज चुकत असेल, झोप उडत असेल, अभ्यास मागे पडत असेल, तर मात्र खेळ चांगला की वाईट या चर्चेत न पडता वेळ ठरवून द्या.

भाचा पुण्याला परत गेला. वही त्याने माझ्या लेकीला दिली. आता मी आठवीला सुलभभारतीतली गोष्ट शिकवते, तेव्हा धड्यात कुणी लबाड सावकार, कुणी कठोर राजा आला की मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "मॅडम, याला भीती कशाची आहे?" धड्याखालच्या स्वाध्यायात हा प्रश्न नसतो. मी तो फळ्यावर लिहिते आणि मुलांना दोन ओळींत उत्तर लिहायला सांगते. तिसरी ओळ माझी असते : भीती होती, तरी त्याने काय करायला हवे होते? त्या तिसऱ्या ओळीवर वर्गात सगळ्यात जास्त भांडण होते. ते मी होऊ देते.